मताच्या हंगामात दाते, कापसाच्या हंगामात लुटारू



कापसाचे बोंड फुटायला आणि विधानसभेची मतपेटी यायला एकच मुहूर्त असतो. १९९९ साली मतदान सप्टेंबरात झाले. २००४, २००९, २०१४ आणि २०१९ या चारही वेळा ऑक्टोबरात झाले. २०२४ साली २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे पंचवीस वर्षांत पुढारी जेव्हा जेव्हा मत मागायला आमच्या दारात आला, तेव्हा आमचा माल एक तर झाडावर होता, नाही तर घरात होता. बाजारात त्याचे काय होणार, हे मतदानानंतर कळायचे होते. अशा वेळी पुढाऱ्याने भावाची गोष्ट करायला हवी होती. त्याने केली दानाची. वीज फुकट, कर्ज माफ, बोनस, अनुदान, खात्यात महिन्याचे पैसे. दर खेपेला यादी लांबत गेली.

आमचे म्हणणे एवढेच आहे : पुढारी मताच्या हंगामात जे देतो, त्याच्या दुपटीतिपटीने कापसाच्या हंगामात काढून घेतो. देणारा हात आणि घेणारा हात एकाच धडाला आहेत. झेंडा बदलला, चिन्ह बदलले, धड तेच राहिले. हे आम्ही रागाने म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो. हिशेब खाली मांडला आहे. मेळाव्यात तो मोठ्याने वाचावा. कोणाला चूक सापडली तर त्याने तिथेच उभे राहून सांगावी.

एकाधिकार : आमच्या नावाने, त्यांच्या हाती

१९७१ साली कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापारी लुटतो, सरकार वाचवील, असे सांगण्यात आले. मंदीच्या वर्षी हमीचा भाव पदरात पडला, हे आम्ही नाकारत नाही. पण तेजीच्या वर्षी काय झाले? शेजारच्या राज्यात कापूस वर चढला आणि आमच्या कापसाला राज्याची हद्द ओलांडायची बंदी. सीमेवर पोलिस. स्वतःच्या रानात, स्वतःच्या घामाने पिकवलेला कापूस गाडीत भरून पलीकडच्या बाजारात नेणारा शेतकरी चोर ठरला. १९८६ च्या डिसेंबरात, तेव्हाच्या परभणी आणि आताच्या हिंगोली जिल्ह्यात सुरेगावला कापसाच्या भावासाठी रस्त्यावर आलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तीन शेतकरी मेले.

केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडरची मर्जी, काट्यावरची कट्टी, महिनोन्महिने चुकाऱ्याची वाट, आणि चुकारा आला की त्यातून सोसायटीचे कर्ज आधी वळते. हे सगळे आमच्या बापजाद्यांनी भोगले. काँग्रेसच्या राज्यात भोगले. १९९५ साली शिवसेना-भाजपचे सरकार आले, तेव्हा वाटले आता बेडी तुटेल. बेडी तशीच राहिली, फक्त किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली. शेवटी योजना तोट्यात बुडाली आणि २००२ च्या सुमारास व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली. ती आमच्या दयेने मिळाली नाही, तिजोरीला झेपेना म्हणून मिळाली.

यातून एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. भावाची किल्ली मंत्रालयात गेली की भाव बाजाराच्या पंचांगाने ठरत नाही, निवडणुकीच्या पंचांगाने ठरतो.

२००४ : निवडणुकीपुरते औदार्य

या पंचांगाचा सगळ्यात स्वच्छ दाखला २००४ सालचा आहे. निवडणूक ऑक्टोबरात. त्याआधी काही महिने काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने शेतीपंपांना फुकट वीज जाहीर केली. काँग्रेसने जाहीरनाम्यात कापसाला क्विंटलला २,७०० रुपये भावाचे वचन दिले. मते मिळाली, सरकार परत आले. पुढच्याच वर्षी, २००५ साली, फुकट वीज बंद झाली. कापसाला क्विंटलमागे ५०० रुपये आगाऊ बोनस मिळत होता, तोही त्याच वर्षी काढून घेतला. २,७०० राहिले बाजूला, होते त्यातले ५०० गेले. गरज सरो, वैद्य मरो.

आणि त्यानंतर? विदर्भातल्या घराघरात मर्तिके सुरू झाली तेव्हा सरकारला जाग आली. डिसेंबर २००५ मध्ये राज्याचे १,०७५ कोटींचे पॅकेज आले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. भाव कापायला एक सही लागली. त्या सहीची भरपाई म्हणून पॅकेज काढायला माणसे मरावी लागली. हा क्रम विसरू नका.

फुकट विजेचीही एक गंमत आहे. २००४ साली ती पंपाला होती. २०२४ साली विधानसभेच्या तोंडावर पुन्हा आली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना. ज्याच्याकडे विहीर आहे, मोटार आहे, त्याचा फायदा झाला, होऊ द्या, तोही आमचाच भाऊ आहे. पण ज्याचे रान आभाळाकडे बघून पिकते, त्याच्या कापसाला आणि ज्वारीला या विजेचा काय उपयोग? कोरडवाहूच्या नावाने घोषणा आणि पाणीवाल्याच्या मीटरवर सूट.

हमीभावाचा पाळणा

आता दिल्लीकडे बघू. केंद्र सरकार दरवर्षी कापसाचा हमीभाव जाहीर करते. लांब धाग्याचे आकडे घ्या. २००७-०८ ला २,०३०. लोकसभेची निवडणूक २००९ ची. तिच्या आधीच्या हंगामात, २००८-०९ ला, एकदम ३,०००. निवडणूक झाली, काँग्रेस आघाडी परत आली. मग २००९-१० ला ३,०००. २०१०-११ ला ३,०००. खताचे पोते वाढले, मजुरी वाढली, हमीभाव जागचा हलला नाही.

दुसऱ्या झेंड्याचे बघा. २०१७-१८ ला ४,३२०. लोकसभा २०१९ ला. तिच्या आधीच्या हंगामात, २०१८-१९ ला, ५,४५०. निवडणूक झाली, भाजप परत आला. २०१९-२० ला ५,५५०. आधी ११३० रुपयांची उडी, मग १०० रुपयांचे पाऊल. काँग्रेसचा आणि भाजपचा झगडा दूरदर्शनवर कितीही चालो, हा पाळणा हलवण्याची रीत दोघांची एक आहे.

भाजपचे एक वचन तर आमच्याच मातीत उच्चारले गेले. २० मार्च २०१४ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडी गावात नरेंद्र मोदींची चाय पे चर्चा झाली. त्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात उत्पादनखर्चावर ५० टक्के नफा देण्याची गोष्ट होती. सरकार आले. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याच सरकारने सर्वोच्च न्यायालयात लिहून दिले की असा भाव देता येणार नाही, बाजार बिघडेल. मग २०१८ च्या अर्थसंकल्पात सांगितले की दीडपट भाव दिला. कसा दिला? खर्चाचे माप बदलून. बी, खत, मजुरी आणि घरच्यांची मेहनत मोजली. आमच्या स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि आम्ही गुंतवलेल्या पैशाचे व्याज मोजायचे सोडले. दुकानदार गाळ्याचे भाडे आणि बँकेचे व्याज खर्चात धरतो. शेतकऱ्याने धरले तर बाजार बिघडतो!

तेजीला कात्री

पण हमीभाव हा मंदीतला आधार. शेतकरी खरा उभा राहतो तो तेजीच्या वर्षी. चार वर्षांचे कर्ज एका तेजीत फिटते. म्हणून तेजीच्या वर्षी सरकार काय करते, हे बघणे सगळ्यात महत्त्वाचे आहे.

२०१० साली काँग्रेस आघाडीच्या केंद्र सरकारने कापसाची निर्यात रोखली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा निर्यातबंदी घातली. त्या वेळी केंद्रात कृषिमंत्री महाराष्ट्राचे शरद पवार होते. बंदीला त्यांनी उघड विरोध केला, आरडाओरडा झाला, सरकारला मागे यावे लागले. पण प्रश्न असा की कृषिमंत्र्यावरून बंदी घालण्याची हिंमत होते, कारण कापूसवाल्याच्या मताची भीती कोणाला वाटत नाही.

भाजपच्या केंद्र सरकारने दुसरा दरवाजा वापरला, आयातीचा. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर आयात शुल्क लावले, सगळे मिळून ११ टक्के. चांगले केले. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. कित्येक वर्षांनी शेतकऱ्याच्या अंगावर नवे कापड आले. लगेच गिरणीवाले दिल्लीला गेले आणि १४ एप्रिल २०२२ पासून शुल्क माफ. २०२५ सालीही तेच. आधी २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० हमीभाव जाहीर केला, क्विंटलमागे ५८९ वाढवले म्हणून पाठ थोपटून घेतली. आणि १९ ऑगस्टला, अमेरिकेने आपल्या कापडावर जकात वाढवली त्याचे निमित्त करून, कापसावरचे आयात शुल्क शून्य केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपली वेचणी ऑक्टोबरात. म्हणजे आमचा नवा कापूस आणि परदेशी गाठ एकाच वेळी एकाच बाजारात. अमेरिकेशी भांडण सरकारचे, नुकसान गिरणीचे, आणि भरपाई वसूल कोणाकडून? ज्याच्या अंगावर गंजीफ्रॉकही धड नाही, त्याच्याकडून.

त्या वेळी मुंबईत बसलेल्या किती आमदारांनी तोंड उघडले? विचारले तर म्हणतात, भाव दिल्लीच्या हातात. मग मत मागताना दिल्लीत आणि मुंबईत एकच सरकार द्या, विकास होईल, असे कशाला सांगता? एकच सरकार दिले तर जबाबदारीही एकच असायला हवी.

माफीची मापे

आता कर्जमाफी. आम्ही माफीच्या विरोधात नाही. लुटीतून झालेले कर्ज हे कर्जच नव्हे, ते फिटले असे समजून सात-बारा कोरा करणे हे सरकारचे देणे आहे. पण माफीची मापे कशी लावली, ते बघा.

२००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी. त्यावर ज्याची जमीन, त्याला ठरावीक पैसे भरले तर २५ टक्के सूट. बागाईतात पाच एकर म्हणजे बरा संसार. आमच्याकडे दहा एकर कोरडवाहू म्हणजे उपासाची हमी. पण कागदावर दहा एकरवाला मोठा शेतकरी ठरला आणि जिथून आत्महत्यांची बोंब उठली, तिथलाच शेतकरी फुटपट्टीने बाहेर पडला. २०१७ साली, शेतकऱ्यांच्या संपानंतर, राज्यातल्या भाजप-शिवसेना सरकारने दीड लाखापर्यंत माफी दिली, आकडा जाहीर केला ३४,०२२ कोटींचा आणि अर्ज भरायला गावगाव रात्री जागले. २०१९ च्या डिसेंबरात महाविकास आघाडीने दोन लाखांपर्यंत माफी दिली, प्रचारात मात्र सात-बारा कोरा करू म्हटले होते.

२०२४ ला तर दोन्ही आघाड्यांची चढाओढ. महाविकास आघाडी म्हणाली तीन लाखांपर्यंत माफ. महायुती म्हणाली कर्जमाफी, हमीभावावर २० टक्क्यांपर्यंत भावांतर आणि लाडक्या बहिणींना १,५०० चे २,१००. महायुतीच्या तिन्ही पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० चा पत्ता नव्हता. त्याच मार्चच्या अखेरीस अर्थमंत्री अजित पवारांनी बारामतीत सांगून टाकले, ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरा. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी नागपूरच्या वेशीवर महामार्ग अडवून बसावे लागले, तेव्हा सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असे सांगितले. मत देताना अट नव्हती. घेताना समिती नेमली गेली.

माफी जेव्हा जेवढी मिळेल ती पदरात पाडून घ्यावी. पण १९९० ला दहा हजारांची माफी झाली, मग २००८, मग २०१७, मग २०१९. इतक्या वेळा धुतलेली पाटी पुन्हा पुन्हा काळी का होते? कर्ज माफ करणारा भाव कापायचा थांबत नाही, म्हणून होते.

ज्वारीचे श्राद्ध

ज्वारीची कहाणी याहून वाईट. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने ज्वारीवर लेव्ही लावली. बाजारात भाव असताना कमी भावाने माप घातल्याशिवाय सुटका नव्हती. मग रेशनवर गहू-तांदूळ आले, ज्वारी खाणारे गाव तांदूळ खाऊ लागले. ज्वारीला गिऱ्हाईक राहिले ते गुरांचे, कडब्यासाठी. २००७ साली राज्य सरकारला ज्वारीची आठवण झाली. कशासाठी? धान्यापासून दारू गाळणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्यासाठी. पावसाने काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, असे सांगितले. कारखान्यांचे परवाने कोणाच्या घरी गेले, ते वर्तमानपत्रांत छापून आले. त्यात सत्तेतलेही होते आणि विरोधातलेही. ज्वारी काळी आमची, पैसा पांढरा त्यांचा.

२०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. ज्वारीला श्रीअन्न असे नाव दिले. २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ जाहीर झाला. नाव मोठे, भाव कागदावर, आणि खरेदी केंद्राची पाटी बहुतेक वेळा लागते ती ज्वारी व्यापाऱ्याच्या वखारीत गेल्यावर. वरातीमागून घोडे.

आता बेरीज

सहा एकर कापूस असलेले घर धरा. एकरी पाच क्विंटल, म्हणजे ३० क्विंटल. २०२१-२२ ला क्विंटलला दहा हजार मिळाले. २०२३-२४ ला सात हजार धरा. क्विंटलमागे तीन हजार गेले, म्हणजे घरातून ९०,००० गेले, एका हंगामात.

आता आले किती? २०२३ च्या हंगामासाठी सरकारने हेक्टरी ५,००० दिले, दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे १०,०००. केंद्राचा आणि राज्याचा सन्मान निधी मिळून वर्षाला १२,०००. लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. सगळे मिळून ४०,०००. त्यातले कापसाचे म्हणून आलेले फक्त १०,०००, तेही एकदाच. म्हणजे सगळे दान पदरात घेऊनही ५०,००० चा खड्डा.

कोणी म्हणेल, जगाच्या बाजारातच भाव उतरला. खरे आहे, उतरला. मंदी जगाची असेल. पण तेजी आली तेव्हा तिच्यावर कात्री कोणी चालवली? जगाची मंदी आमच्या माथी आणि जगाची तेजी गिरणीवाल्याच्या खात्यात, हा कुठला न्याय?

बहिणींच्या १,५०० रुपयांना आम्ही नाव ठेवत नाही. वेचणीला वाकून वाकून जिची कंबर मोडली, तिच्या हातात स्वतःचे चार पैसे आले तर घर सुखावते. पण त्या बहिणीने वेचलेल्या कापसाला नीट भाव मिळाला असता, तर तिला कोणाची लाडकी होण्याची गरज पडली नसती.

शेजारचे बघा. उसाला कायद्याने बांधलेला भाव आहे आणि चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पाळले जात नाही म्हणून ऊसवाला भाऊही भांडतो, पण भांडायला त्याच्या हातात कायदा आहे. कापसाच्या आणि ज्वारीच्या हमीभावाला तेवढाही कायदा नाही. कारण उसाच्या पट्ट्यात कारखान्यामागे आमदार उभा आहे, आमच्या पट्ट्यात आमदार आहे पण तो कापसामागे उभा नाही.

मेळाव्यात ठरवायचे ते

आमच्या मताची किंमत नाही, असे समजू नका. २०२४ च्या लोकसभेत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. कापूस-सोयाबीनच्या भावाने फटका दिला, हे त्यांच्याच नेत्यांनी मान्य केले. हेक्टरी ५,०००, फुकट वीज, १,५०० रुपये हे सगळे त्यानंतरच्या सहा महिन्यांत धडाधड आले. म्हणजे भीती वाटली की हात खिशात जातो. आम्ही भीती घातली भावासाठी, त्यांनी मिटवली दानावर. पुढच्या वेळी दानावर मिटू द्यायचे नाही.

म्हणून ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत, कोणत्याही पक्षाचा उमेदवार गावात आला की त्याला पाच प्रश्न विचारायचे. उत्तर लेखी घ्यायचे, खाली सही घ्यायची.

१. हंगामात कापसाचे आयात शुल्क काढले किंवा निर्यात रोखली, तर तुम्ही स्वतःच्या पक्षाविरुद्ध बोलाल का?

२. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येण्याआधी तालुक्यात खरेदी केंद्र सुरू होईल, याची जबाबदारी घ्याल का?

३. कर्जमाफीत कोरडवाहू जमिनीला एकराची फुटपट्टी लावणार नाही, असे लिहून द्याल का?

४. आमच्या ज्वारीची हमीभावाने खरेदी करून ती आमच्याच जिल्ह्याच्या रेशनवर द्यायला तयार आहात का?

५. तुमच्या पक्षाने मागच्या जाहीरनाम्यात कापसाबद्दल काय लिहिले होते आणि त्यातले काय केले?

पाचव्या प्रश्नाला फार जण पाणी मागतील. पाणी द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका. जो उत्तर देणार नाही, त्याचा फलक गावात लागू देऊ नये. सही केलेला कागद चावडीवर चिकटवावा आणि कापूस बाजारात गेला की त्याच कागदाखाली मिळालेला भाव लिहावा. जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने असा एक कागद बरोबर आणावा. किती गावांचे कागद आले आणि कोणी सही नाकारली, त्याची यादी मेळाव्यात नावानिशी वाचली जाईल.